गिरणीतला पोरगा कशाने मरतो?

मुंबईच्या गिरण्यांवरची एखादी शोकांत कादंबरी गाजली की वाचकांचे सूर ठरलेले असतात. कुणी म्हणतं, शेवटची वीस पानं वाचून जेवण गेलं नाही. कुणी म्हणतं, लेखकाने रडवायचंच ठरवून लिहिलंय, एकाच पोराच्या मागे एवढी साडेसाती कशी लागेल? ज्याचा आजा परळ-लालबागला गिरणीत होता तो म्हणतो, यात काहीच नाही, खरं याहून वाईट होतं. आणि एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: मधला भाग रेंगाळतो. पगाराची तारीख, मुकादमाची मर्जी, वाण्याची उधारी, बदलीचे दिवस, हे सगळं थोडक्यात आटपायला हवं होतं.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. अशा कादंबरीत शेवट बहुधा कच्चा असतो आणि रेंगाळणारा भागच पक्का असतो. कारण पोरगा मरतो तो त्या भागात. शेवटी फक्त प्रेत उचललं जातं.

सोयीसाठी एक नेहमीचा साचा धरू. रत्नागिरी जिल्ह्यातला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, काळ १९२० च्या दशकाचा. गावच्या माणसाच्या ओळखीने मुंबईत येतो, गिरणीत लागतो, आणि कादंबरी संपेपर्यंत मरतो. लेखक त्याला तीन प्रकारे मारतात: यंत्रात सापडून, कापसाच्या धुळीने, किंवा संपात गोळी लागून. तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

आधी यंत्र. सगळ्यात जास्त अश्रू इथे पडतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच असतात. एक प्रसंग वारंवार दिसतो: पोरगा चालत्या यंत्राखाली रांगत जाऊन कापूस झाडतो, आणि पुढे-मागे जाणारा गाडा त्याला चिरडतो. हा प्रसंग खरा आहे, पण इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. तिथे सूत काढायला म्यूल नावाचं यंत्र असे. त्याचा चाकांवरचा लांबलचक गाडा पाच-सव्वापाच फूट बाहेर येई आणि परत आत जाई, आणि तो बाहेर असताना लहान मुलं खाली शिरून सफाई करत. मुंबईत १९२० च्या दशकात रिंग नावाच्या दुसऱ्या सूतयंत्राचं राज्य होतं, म्यूल थोडे उरले होते. रिंगफ्रेम जागच्या जागी उभी असते, तिच्यात मागे-पुढे जाणारं काही नाही. त्यामुळे मुंबईच्या पोराला गाड्याखाली मारणारा लेखक गिरणी पाहून लिहीत नाही, इंग्रजी पुस्तकं वाचून लिहितो असं खुशाल समजावं.

रिंगखात्यात पोराचं काम काय? बहुतेक वेळा डॉफरचं. फ्रेमच्या दोन्ही बाजू मिळून साडेतीनशे-चारशे चात्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या सळया, असतात. त्यांवरच्या बाबिणी सुताने भरल्या की फ्रेम थांबवायची, डॉफर पोरांच्या टोळीने भरलेल्या बाबिणी उपसून पेटीत टाकायच्या, रिकाम्या ठोकून बसवायच्या, फ्रेम पुन्हा चालू करायची आणि तुटलेल्या तारा सांधायच्या. तार सांधताना सूत रिंगवर फिरणाऱ्या ट्रॅव्हलर नावाच्या नखाएवढ्या तारेच्या आकड्यातून ओवून वरून येणाऱ्या पेळूला भिडवायचं असतं. इथे पोराचं होतं काय, तर बोटं सोलतात, पायाला तेलकट फरशी लागते, आणि तोल जाऊन हात दातेरी चक्रांच्या पेटीकडे गेला तर बोट जातं. त्याहून मोठा धोका डोक्यावरचा. वाफेच्या इंजिनावर किंवा मोठ्या मोटारीवर चालणारा लांब शाफ्ट छतालगत फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. निसटलेला पट्टा चालत्या पुलीवर हाताने चढवायला गेलेल्या माणसाचं धोतर, शेंडी, बाही पट्ट्यात जाई. टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून मिळू लागली तरी सगळीकडे पट्टे लगेच गेले नाहीत. तेव्हा १९२५ च्या कादंबरीत पट्ट्याचा अपघात शंभर टक्के चालेल.

साचेखात्यात, म्हणजे कापड विणायचे माग (साचे) असतात त्या खात्यात, अपघात वेगळा. तिथे धोटा उडतो. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण बसवलेला हा लाकडी धोटा मिनिटाला पावणेदोनशे-दोनशे वेळा ताण्याच्या उघडलेल्या दोन थरांमधून इकडून तिकडे फेकला जातो. धोटा उडण्याची कारणं विणकराला तोंडपाठ असतात. फटका देणारा चामडी पट्टा सैल पडला की जोर कमी-जास्त होतो. तुटलेल्या तारेने दुसऱ्या तारा गुंतवल्या की थर नीट उघडत नाहीत आणि धोट्याची वाट बंद होते. ज्या फळीवरून तो धावतो ती झिजली की त्याचं तोंड वर होतं. उडालेला धोटा बहुधा शेजारच्या साच्यावरच्या माणसाच्या तोंडावर जातो, म्हणून जखम होते ती डोळ्याला, दाताला, कपाळाला. आपल्याच साच्याने आपला जीव घेतला असं क्वचित होतं. चांगला लेखक इथे नायकाला न मारता शेजाऱ्याचा डोळा घालवतो, आणि धोटा का उडाला हे दोघांनाही ठाऊक असतं: पट्टा बदलायला चार दिवसांपूर्वी सांगितलेलं असतं.

अपघातानंतर काय होतं हे वाचकांना कळत नाही, कारण लेखक लगेच स्मशानात जातो. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, अंमल १ जुलै १९२४ पासून. त्या तारखेआधीची कथा असेल तर घरच्यांना मालकाच्या मर्जीवर जे मिळेल ते. नंतरची असेल तर मूळ कायद्याचं गणित असं होतं: प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतलं जे कमी ते. पंधरा वर्षांखालचा मुलगा मेला तर सरसकट दोनशे रुपये. प्रौढ कामगार कायमचा पुरता निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार, आणि एक डोळा गेला तर कमावण्याची ताकद तीस टक्के गेली असं धरत. म्हणजे महिना चाळीस रुपये मिळवणाऱ्या विणकराच्या डोळ्याचे बेचाळीस महिन्यांच्या पगाराच्या तीस टक्क्यांनी पाचशे चार रुपये. शिवाय यंत्रावरचं संरक्षण कामगाराने मुद्दाम काढलं असं गिरणीला सिद्ध करता आलं तर भरपाई हातची जाई. माझ्या मते नाट्य इथे आहे. पोराचं वय चौदा लावायचं की पंधरा, यावर भरपाई ठरते. आणि तेच वय दाखल होताना पूर्ण दिवसाच्या पगारासाठी वाढवून सांगितलेलं असतं, की सर्जनने दात आणि अंगकाठी पाहून दिलेल्या दाखल्यावर कमी लागलेलं असतं? गिरणीच्या वहीत एक, दाखल्यावर एक, आईच्या तोंडी एक. एखाद्या कादंबरीकाराने हा धागा नीट ओढला तर शेवटाला यंत्र दाखवायचीही गरज नाही.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर कायद्याच्या तारखा जवळ ठेवाव्यात, कारण 'एवढं लहान पोर कामावर कसं' या शंकेचं उत्तर सालावर आहे. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालची मुलं बंद झाली. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ झाली. १९२२ पासून बारा, आणि बारा ते पंधरा वयाच्या मुलाला दिवसाला सहा तास. पंधराच्या वर गेला की तो प्रौढ: दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तास. १९३४ च्या कायद्याने प्रौढांचे दहा आणि चोपन्न केले, मुलांचे पाच. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याला अठ्ठेचाळीस. तेव्हा १९२६ मध्ये चौदा वर्षांचा नायक उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत राबतो असं लिहिलं असेल, तर एक तर त्याचा दाखला खोटा आहे किंवा लेखकाचा अभ्यास. पहिली शक्यता कथेत आली असेल तर उत्तमच.

तिसरी पाळी हे आणखी एक हमखास फसणारं ठिकाण. गिरणगावची खोली म्हटली की वाचकाच्या डोळ्यांसमोर पाळीपाळीने झोपणारी माणसं येतात: एक उठला की दुसरा त्याच गोधडीवर. हे चित्र नंतरचं. १९२० च्या दशकात बहुतेक गिरण्या दिवसाच चालत, रातपाळी वाढली ती १९३० नंतर आणि तिसरी पाळी आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. १९२५ च्या पोराला झोपायला जागा मिळते ती व्हरांड्यात, जिन्यात, पावसाळा नसेल तर रस्त्यावर, कारण खोलीतले सगळे एकाच वेळी परत येतात. वरळीच्या सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींचीही अशीच गल्लत होते. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्या बांधून झाल्यावर पहिली काही वर्षं तिथे बरीच जागा रिकामी होती. भाडं परवडत नव्हतं आणि गिरणी लांब पडत होती.

आता धूळ. 'कापूस छातीत गेला आणि पोरगा रक्त ओकून मेला' हे वाक्य मी ज्या कादंबरीत वाचतो तिथे पेन्सिलीने फुली मारतो. कापसाच्या धुळीचा रोग वेगळा आणि क्षय वेगळा. धुळीचा रोग ब्लोरूम आणि कार्डिंग या कापूस झाडून पिंजायच्या खात्यांत जास्त, विशेषतः कार्डच्या तारांमध्ये अडकलेला कचरा साफ करणाऱ्यांना. त्याची ओळख सोमवारी पटते. रविवारची सुट्टी झाली, सोमवारी कामावर गेलं की दुपारपर्यंत छाती आवळते, दम लागतो. मंगळवारी बरं वाटतं. वर्षानुवर्षं असं चाललं की मंगळवारही जातो, मग बुधवार, आणि शेवटी सुट्टीच्या दिवशीही श्वास पुरत नाही. या अवस्थेला यायला साधारण दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. रक्त पडत नाही. सतरा वर्षांचा पोरगा दोन वर्षांच्या नोकरीत याने मरू शकत नाही. तो मरतो क्षयाने, आणि क्षय तो गिरणीच्या दारातून आणत नाही, खोलीतून आणतो: बंद खिडक्या, ओल, एका खोलीत आठ-दहा माणसं, त्यांतला एक खोकणारा. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, म्हणजे आपल्या नायकाला औषध नाही. गावी पाठवायचा हाच उपाय. तो बोटीने गावी जातो आणि घरच्या दोन माणसांना देऊन मरतो.

बोटीचंही सांगून टाकतो. कोकणची बोट पावसाळ्यात बंद असे. जुलैत रत्नागिरीहून बोटीने येणारा नायक चुकीचा. त्याला घाट चढून कोल्हापूर किंवा कराडकडची रेल्वे गाठायला लावा. (कोकण रेल्वेने येणारा नायक अजून कुणी लिहिलेला नसावा, पण काळजी वाटते.)

खरी मजा, किंवा खरा गळफास, नोकरी 'लागण्यात' आहे. वाचकाला वाटतं पोरगा गिरणीत लागला म्हणजे रोज कामावर गेला. बहुतेक पोरं बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, असत. पहाटे भोंग्याआधी फाटकापाशी उभं राहायचं. खात्यात किती माणसं आली नाहीत ते पाहून मुकादम, म्हणजे जॉबर, बोट दाखवून आत घेई. ज्याच्याकडे बोट गेलं नाही तो घरी. महिन्यात किती दिवस मिळतील हे मुकादमाच्या हातात. कामावर घेणं, काढणं, रजा देणं, चांगली फ्रेम देणं, भांडणात मध्यस्थी, कधी खोली मिळवून देणं, कधी कर्जाला जामीन राहणं, सगळं एकाच माणसाकडे. त्याची दस्तुरी वेगळी. कायम माणसाने एक दिवस न सांगता बुडवला की दोन दिवसांचा पगार कापायचा प्रकारही होता, त्याला डबल खाडा म्हणत. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदलीवाल्यांना कार्डं द्यायची पद्धत आणली, ती मुकादमाचा हात थोडा आखडावा म्हणून. १९२८ च्या नायकाच्या खिशात बदलीचं कार्ड दाखवलं तर तारीख चुकली.

आता त्याचा हिशेब मांडून पाहा, कारण वाचक ही पानं उलटतात. पगार महिन्याचा, पण तो महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवस उलटून हातात पडे. पगार वेळेवर द्यायचा कायदा १९३६ चा. म्हणजे जूनच्या पहिल्या तारखेला लागलेल्या पोराला पहिला पैसा जुलैच्या मध्यावर. दीड महिना तो खातो कुठे? खानावळवाल्या बाईकडे, उधारीवर. तिलाही धान्य वाणी उधारीवर देतो, भाव चढा लावून. जुलैत पगार येतो तेव्हा बदलीवर त्याचे दिवस भरलेत तेरा. खानावळीचं देणं पूर्ण महिन्याचं. मुकादमाचा हात ओला करायचा, गावी मनीऑर्डर करायची, कारण त्यासाठीच तो आलाय. मग वीस रुपये कर्ज. रुपयाला महिना एक आणा हा नेहमीचा दर. ऐकायला एक आणा. वीस रुपयांवर महिन्याला सव्वा रुपया, वर्षाला पंधरा. वर्षभर फक्त व्याज भरलं तरी वीस रुपये तसेच उभे. पठाणाकडून घेतलं तर दर याहून चढा, आणि तो पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा.

या हिशेबात आजारपणाला जागाच नाही. ताप आला की पोरगा चौथ्या दिवशी फाटकावर जातो, कारण आठवडाभर दिसला नाही तर मुकादम दुसऱ्याकडे बोट दाखवायला शिकतो. खोकला अंगावर काढतो. 'त्याने वेळेवर डॉक्टर का गाठला नाही' अशी चीड वाचकांना येते, आणि लेखकावर राग निघतो. उत्तर मधल्या पानांत लिहिलेलं असतं. ती पानं कंटाळवाणी म्हणून उलटलेली असतात.

विणकर व्हायचं स्वप्न ही अशा कादंबरीची दुसरी बाजू. साचेवाल्याची कमाई रिंगखात्यातल्या साइडरपेक्षा, म्हणजे फ्रेमची बाजू सांभाळणाऱ्यापेक्षा, बरीच जास्त. मुंबईत एका विणकराकडे साधारण दोन साचे असत, पगार कापडाच्या लांबीवर. पण कापडात खोट निघाली तर गिरणी ते कापड त्याच्याच माथी मारून किंमत पगारातून कापे. मग त्याने ते बाजारात मिळेल त्या भावाला विकायचं. कादंबरीत विणकराच्या खोलीत गिरणीचं नवं कोरं कापड दिसलं की वाचकाला तो चोर वाटतो. बहुधा तो दंड भरून बसलेला असतो.

आणि हे स्वप्न सगळ्यांना पाहता येत नव्हतं. इथे धोट्याकडे जवळून पाहायला हवं. धोट्याच्या पोकळीत बाण्याच्या सुताची कांडी बसवायची. तिचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर आलं पाहिजे, तरच साचा चालेल. ते काढायची झटपट रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून सूत श्वासाने ओढून घ्यायचं. कांडी पाच मिनिटं पुरते असं धरलं तर दोन साच्यांवर दहा तासांत दोनशे चाळीस वेळा तोंड लागतं. त्या धोट्याला आपण तोंड लावायचं आणि तो उद्या दुसऱ्याने हातात घ्यायचा, त्याने सूत तोंडात घ्यायचं, ही सवर्ण विणकरांची अडचण. म्हणून अस्पृश्यांना साचेखातं बंद. ते रिंगमध्ये, जिथे पगार कमी. तोंडातून धूळ, कांजी आणि दुसऱ्याची थुंकी जाते याची तक्रार कुणाची नव्हती. कुणाची थुंकी, एवढाच प्रश्न होता. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे हाच मुद्दा मांडला: सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम मिळालं पाहिजे, ही मागणी नसेल तर माझ्या माणसांनी संपात का यावं? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, नाखुशीने.

हे ठाऊक असलेला वाचक कादंबरी वेगळी वाचतो. महार मुलगा १९२५ मध्ये सहज साचेखात्यात विणकर झालेला दिसला तर त्याने विचारावं, कसा? आडनाव लपवून? मग खोलीवर, खानावळीत, गावच्या माणसांत ते लपलं कसं? लेखकाकडे उत्तर असेल तर ती कादंबरीची सगळ्यात ताठ पानं होतील. उत्तर नसेल तर 'कामगारांना जात नसते' या भाबड्या समजुतीवर लिहिलेली आणखी एक कादंबरी. अशी बरीच आहेत.

संपाची पानं वाचकांना आवडतात. मोर्चा, लाल बावटा, घोषणा, आणि गोळी. गोळीने मारायचं तर साल नीट निवडावं. जुलै १९०८, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, तेव्हा गोळीबारात माणसं मेली. ते पगाराचं आंदोलन नव्हतं. १९२५ चा संप साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध होता. डिसेंबरात सरकारने कापडावरचा अबकारी कर उठवला आणि कपात मागे घेतली गेली. १९२८ चा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख माणसं. त्याच्या मुळाशी साइडरने एकाऐवजी दोन बाजू आणि विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे, ही नवी पद्धत. डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर ही कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. अर्जुन आत्माराम आळवे हा स्वतः गिरणीत काम केलेला गिरणी कामगार युनियनचा अध्यक्ष कादंबऱ्यांत फारसा दिसत नाही, हे मला खटकतं. सहा महिने माणसं जगली कशी, तर पावसाआधी मोठ्या संख्येने गावी गेली आणि शेती केली. म्हणून संपाच्या मधल्या महिन्यांत गिरणगाव भुकेने तडफडत खच्चून भरलेलं दाखवणं फसवं. ते बऱ्यापैकी रिकामं होतं, आणि मागे राहिले ते गावी जमीन नसलेले. आपला पोरगा त्यांतला असेल तर त्याचं काय झालं हे दाखवायला लेखकाला गोळी लागत नाही.

इथे वाचकांची एक मोठी गडबड होते. ते १९२८ वाचतात आणि मनात १९८२ चालू असतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख माणसं, औपचारिकपणे कधीच मागे न घेतलेला. त्यात घरं मोडलेल्या पिढीला प्रत्येक संपाची कादंबरी पराभवाची वाटते. पण १९२८ चा संप चौकशी समितीच्या अटीवर मिटला, माणसं कामावर परतली. १९२९ मध्ये पुन्हा संप झाला, तो मोडला, आणि तोपर्यंत पुढारी कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात अडकलेले. १९२८ च्या कादंबरीचा शेवट अंधारा केला म्हणून लेखकाला दाद देणारे वाचक आणि 'जिंकलेल्या संपाचा शेवट असा का' म्हणून चिडणारे वाचक, दोघांनीही कादंबरी कोणत्या महिन्यात संपते ते पाहावं. ऑक्टोबर १९२८ मध्ये संपली तर तो अंधार उसना. वर्षभर पुढे गेली तर चालेल.

बाबू गेनूचं नाव अशा चर्चेत नेहमी येतं. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम केलेला, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेला, बाविशीचा पोरगा. त्याच्यावर लिहिताना लेखक शेवटच्या दिवसावर तुटून पडतात आणि तो गिरणीत कोणत्या परिस्थितीत राबत होता यावर पान-दीड पान. वाचकही तेवढंच मागतात.

संवादांबद्दल एकच. साचेखात्यात शेजारच्याला ऐकू जायला कानाशी तोंड न्यावं लागतं. लोक हातवारे आणि ओठांवर भागवत. तिथे पाच-पाच ओळींची भाषणं चालली असतील तर लेखक आत कधी गेला नाही. भांडण, प्रेम, कट, सगळं फाटकाबाहेर, नळावर, नाक्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत.

शेवटचा आक्षेप वाचक बायकांचा असतो आणि तो रास्त आहे: या कादंबऱ्यांत बाई म्हणजे वाट पाहणारी आई, नाहीतर खानावळवाली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. त्या वाइंडिंग (सूत गुंडाळायचं खातं) आणि रीळखात्यात असत, त्यांच्यावर मुकादमाऐवजी नाईकीण. रातपाळी त्यांना १८९१ पासून बंद, म्हणून रातपाळ्या वाढल्या तसे मालक म्हणू लागले, बाई परवडत नाही. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, दिवसाला आठ आणे. तो द्यायचा मालकाने, त्यामुळे पोट दिसायला लागलं की कामावरून काढायचं ही वाटही त्याच कायद्याने दाखवली. पंधरा वर्षांच्या पोराऐवजी एकोणीस वर्षांची वाइंडर घ्या, साल १९३०, तिसरा महिना, नाईकिणीला अजून कळलेलं नाही. पुढची दोनशे पानं कुणी कंटाळून उलटेल असं मला वाटत नाही.